घमेल्यातले भोवरे

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना बेब्लेडचं, म्हणजे एकमेकांशी लढवायच्या भोवऱ्यांचं, वेड लागलं. दुकानातलं चांगलं बेब्लेड महाग. जत्रेत मिळतं ते स्वस्त, पण त्याच्या ओढायच्या पट्टीचे दात लगेच झिजतात आणि मग चकती नुसतीच हातात राहते. माझा मुलगा सोहम म्हणाला, आपण घरीच करू. मी शिवणकाम करते. दोरे, नाड्या, दाभण, कात्र्या घरात पडलेल्याच असतात. धाकट्या भावाचं इथंच कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, छोटं लेथचं वर्कशॉप आहे. म्हणून मी हो म्हटलं. सुट्टीभर काय केलं, काय मोडलं आणि काय टिकलं ते लिहून ठेवते. ज्यांच्या घरी पोरं हाच हट्ट धरून बसलीत त्यांचा वेळ वाचेल.

सुरुवात पाण्याच्या बाटलीच्या बुचांनी केली. दाभण गॅसवर तापवायचं, बुचाच्या मधोमध भोक पाडायचं आणि त्यात काडी घट्ट बसवायची. फिरतं, पण लढत नाही. अंगात वजनच नसतं. दुसऱ्याचा जरा धक्का लागला की थेट कॉटखाली. मग बुचात एम-सील भरलं. वजन आलं, पण एका बाजूला जास्त बसलं की भोवरा डुलतो. एम-सील मऊ असतानाच ओल्या सुरीनं सपाट करून घेतलं तेव्हा डुलणं पुष्कळ कमी झालं.

पुढचा प्रयोग जुन्या सीडीचा. सीडीच्या मधल्या भोकात काचेची गोटी छान अडकते. वरून बूच चिकटवलं की बोटानं फिरवायला मूठ मिळते. हा भोवरा सगळ्यात जास्त वेळ फिरायचा. सोहम खूश झाला. पण लढाईत सीडी बिनकामाची. धातूच्या भोवऱ्याची धडक बसली की कड तडकते. तिचा टवका सुरीसारखा धारदार असतो. एका पोराच्या पायात तो घुसला आणि त्याच संध्याकाळी मी सगळ्या सीड्या उचलून ठेवल्या. फिरवायला सीडी चांगली, धडकवायला नको.

आता मध्य शोधायचा मुद्दा. घरच्या भोवऱ्यांचं निम्मं दुखणं इथंच असतं. डोळ्यानं मध्य बरोबर वाटतो, पण मिलिमीटरभर चुकला तरी भोवरा नाचत नाही, लंगडतो. डब्याचं झाकण, लाकडी चकती, काहीही गोल घेतलं तरी एक सोपी रीत लागू पडते. पुठ्ठ्याचा काटकोनी कोपरा घ्यायचा. त्याचं टोक गोलाच्या कडेवर ठेवायचं. कोपऱ्याच्या दोन बाजू गोलाची कड जिथं कापतात त्या दोन खुणा रेषेनं जोडायच्या. हा झाला व्यास. पुठ्ठा सरकवून दुसऱ्या जागी पुन्हा तसंच करायचं. दोन रेषा जिथं छेदतात तो मध्य. सोहमला भूमितीच्या पुस्तकात अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे पाठ होतं. त्याचा असा उपयोग होतो हे त्याला तेव्हा कळलं आणि मलाही.

बुचं आणि सीड्या संपल्यावर पोरं नटबोल्टवर आली. हार्डवेअरच्या दुकानात मोठे वॉशर मिळतात. दहा एमएमच्या बोल्टला बसणारा, तीन सेंटीमीटर रुंदीचा वॉशर आम्ही आणला. असे चार एकावर एक ठेवायचे, मधून बोल्ट, खालून नट. बोल्टचं डोकं वर, टोक खाली. पाच मिनिटांत दणकट भोवरा तयार होतो. हा खरंच लढतो. पण दोन अडचणी येतात.

पहिली म्हणजे वॉशरचं भोक बोल्टपेक्षा अर्धा मिलिमीटर तरी मोठं असतं. बोल्ट सहज जावा म्हणून ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. नट आवळताना चारही वॉशर एकाच बाजूला सरकले की सगळं वजन तिकडं जातं. आम्ही बोल्टला कागदी टेपचा एक वेढा दिला आणि मग वॉशर दाबून बसवले. बराच फरक पडला.

दुसरी अडचण नटाची. धडक बसली की वॉशर क्षणभर अडतात आणि बोल्ट फिरत राहतो. भोवरा एका दिशेनं फिरवला तर नट घट्ट होत जातो, उलट फिरवला तर सैल. दोन-चार लढायांनंतर नट निघतोच. यावर उपाय चेक नटाचा. एका नटाखाली दुसरा नट लावायचा आणि दोन पाने घेऊन ते एकमेकांवर आवळायचे. फेव्हिक्विक टाकून भागेल असं पोरांना वाटत होतं. ते धक्क्याला टिकत नाही, तडकून पांढरी भुकटी होते.

हे चेक नट आधी लावले असते तर पुढचा प्रकार झाला नसता. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या मुलानं घरून ड्रिल मशीन आणलं. त्याला सॉकेट लावलं, बोल्टचं डोकं सॉकेटमध्ये बसवलं आणि मशीन सुरू केलं. कल्पना पोरांना फार आवडली. भोवरा सॉकेटमधून सुटायच्या आतच थरथरायला लागला, नट निघाला आणि वॉशर चार दिशांना गेले. एक आमच्या शोकेसच्या काचेवर बसला. काच फुटली. कुणाला लागलं नाही. सोहम कपाटाला टेकून उभा होता, काचेपासून हातभर अंतरावर. त्या रात्री मला झोप लागली नाही. सारखं डोळ्यापुढे यायचं की वॉशर वीतभर खाली गेला असता तर.

सकाळी भावाला फोन केला. मला वाटलं, तो रागावेल. तो म्हणाला, "ताई, वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो बघ. हातानं फिरवलेला भोवरा आणि ड्रिलनं फिरवलेला, ह्यांची बरोबरीच नाही. पोरांना घेऊन ये इकडं."

पोरं वर्कशॉपला गेली. आत पाऊल टाकायच्या आधीच त्यानं सगळ्यांना गॉगल दिले. बाह्या कोपराच्या वर दुमडायला लावल्या. मला ओढणी कमरेला बांधायला सांगितली. एका मुलानं हातमोजे मागितले तर नाही म्हणाला. फिरत्या मशीनजवळ मोजा अडकला तर तो हातासकट आत ओढला जातो, म्हणून तिथं मोजे घालत नाहीत. हे मला नवीन होतं. मी घरी पोरांना मोजे घालायला सांगणार होते.

मग त्यानं आमचा वॉशरचा भोवरा चकमध्ये पकडला, मशीन हळू ठेवलं आणि खडूचा तुकडा हात स्थिर धरून कडेजवळ नेला. खडू फक्त एका बाजूला लागला, दुसरी बाजू कोरीच राहिली. "आउट फिरतोय," तो म्हणाला. खडू लागलेली बाजू बाहेर आलेली असते. तिकडून वॉशर हलकेच ठोकत आणायचे, पुन्हा खडू लावायचा. खडू सगळीकडं सारखा लागला की झालं. त्यातून समजलं की आमच्या टेपच्या वेढ्यानंही वॉशर पुरते मधोमध आले नव्हते.

ज्यांच्या घरी लेथ नाही त्यांच्यासाठी त्यानं दुसरी रीत दाखवली. वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंगचं चाक याच रीतीनं तोलतात. घरी मी ती अशी केली. एकसारख्या उंचीचे दोन डबे ओट्यावर ठेवले. त्यांच्यावर दोन स्टीलच्या पट्ट्या उभ्या कडेवर, एकमेकींना समांतर, चिकटपट्टीनं पक्क्या केल्या. ताटलीत पाणी घेऊन ओटा सपाट आहे की नाही ते आधी पाहिलं. मग भोवरा आडवा करून त्याचा दांडा दोन्ही पट्ट्यांवर टेकवला आणि सोडून दिला. भोवरा आपोआप गडगडतो, थोडा मागे येतो आणि थांबतो. खाली राहिलेली बाजू जड. तिथं मार्करनं खूण करायची. पुन्हा सोडायचा. दर वेळी तीच खूण खाली आली तर शंकाच नको. मग समोरच्या बाजूला मुगाएवढं एम-सील लावायचं. किंवा जड बाजूला ड्रिलनं उथळ खड्डा पाडायचा. कुठंही ठेवला तरी भोवरा तिथंच थांबला की तो तोलला. दांडा सरळ आणि गुळगुळीत हवा. आटे असलेला बोल्ट पट्टीवर अडकतो आणि खोटं सांगतो. या कामाला घाई चालत नाही. पण माझा सगळ्यात आनंदाचा वेळ या पट्ट्यांसमोरच गेला. कापडाचा तिरपा कट बरोबर बसला की मला जसं समाधान वाटतं, तसंच वाटायचं.

भावानं मग एक गोष्ट पोरांच्या गळी उतरवली. नुसतं वजन कामाचं नाही, ते कडेला हवं. एकावर एक रचलेल्या वॉशरचं बरंचसं वजन मधल्या बोल्टाजवळ असतं. तेच वजन कडेला नेलं तर भोवऱ्याला थांबवणं अवघड जातं. त्यानं भंगारातला नायलॉनचा तुकडा घेऊन चकती काढली. तिच्याभोवती लोखंडी कडं, बाहेरून 50 मिलिमीटर आणि आतून 44. चकती कड्यापेक्षा केसभर मोठी ठेवली आणि मला म्हणाला, "ही रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव." थंडीनं नायलॉन आक्रसतं. सकाळी चकती काढल्या काढल्या कड्यात सरकली आणि खोलीतल्या उबेनं अशी आवळली की हातोडीनंही हलेना. ना गोंद, ना नट. वजन वॉशरच्या भोवऱ्यापेक्षा कमी, तरी हाच जास्त वेळ टिकायचा.

खालचं टोक कसं ठेवायचं याचे पोरांनी पुष्कळ प्रयोग केले. बोल्ट बेंचला घट्ट बांधलेल्या ड्रिलमध्ये धरायचा आणि फिरत असताना कानस लावायची, की हवं तसं टोक येतं. हे काम भावानंच केलं, पोरांना हात लावू दिला नाही. टोकदार आर केली तर भोवरा एका जागी शांत फिरतो, जास्त वेळ फिरतो, पण धडक द्यायला जात नाही. सपाट टोक जमिनीला घासतं, त्यामुळे भोवरा सैरावैरा पळतो, दुसऱ्यांना धडकतो आणि लवकर दमतो. दुकानात अटॅक, स्टॅमिना असे वेगवेगळे प्रकार मिळतात, त्यांतही टोकाचा असाच हिशेब असतो. सगळ्यांत भरवशाचा ठरला सायकलच्या मागच्या चाकातला छर्रा. पाव इंचाचा. बोल्टाच्या टोकाला छोटा खळगा करून तो आत दाबून बसवला. झिजत नाही, फिरतोही छान.

कड्याला खाचा पाडायच्या अशी एका मुलाची हौस होती. खाचांनी धडक जोरात बसते, खरं आहे. पण तोच धक्का आपल्या भोवऱ्यालाही बसतो आणि त्याचा वेग जातो. शिवाय दोन-तीन लढायांनंतर खाचांच्या कडा मुडपून धार येते. ती बोटं कापते. आम्ही खाचांचे भोवरे बंद केले.

फिरवायची सोय काय करायची हा प्रश्न उरला होता. लाकडी भोवऱ्याला जाळी गुंडाळून फेकतात तसं हे जड, बुटके भोवरे फेकता येत नाहीत. भावानं लोखंडी पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून दिली, दोन्ही बाजूंना समोरासमोर भोकं. भोवऱ्याचा वरचा दांडा खालून दोन्ही भोकांत घालायचा, मधल्या फटीत दोरी गुंडाळायची आणि पट्टी आडवी धरून दोरी ओढायची. दोरी सुटली की भोवरा खाली पडतो, फिरतच. दोरीचं पहिलं टोक गाठ न मारता वेढ्यांखाली दाबायचं, म्हणजे शेवटी आपोआप सुटतं. नायलॉनची दोरी दांड्यावरून घसरते. परकराची सुती नाडी उत्तम. ती माझ्याकडं रिळानंच असते.

मैदान शोधताना घरातली भांडी सगळी पाहून झाली. परातीचा तळ सपाट, भोवरे आपापल्या कोपऱ्यात फिरत बसतात. कढई फार खोल, आत टाकायलाच जमत नाही. पोरांनी शेवटी शेजारच्या बांधकामावरून जुनं लोखंडी घमेलं आणलं, मुकादमाला विचारून. त्याचा उतार बरोबर आहे. भोवरे घरंगळत मधोमध येतात आणि भेटतातच. आवाज मात्र भयंकर. दुपारी खालच्या आजी झोपतात, म्हणून घमेल्याखाली दुमडलेलं पोतं घातलं आणि दुपारी दोन ते पाच खेळ बंद असा नियम केला. दुसरा नियम गॉगलचा. तिसरा वजनाचा. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर 60 ग्रॅमच्या वर भरला तो भोवरा बाद. हा नियम पोरांनीच काढला, कारण एकानं सरळ जुन्या पाण्याच्या पंपाची चकती आणली होती.

तळमजल्यावरचा एक मुलगा डावखुरा आहे. तो नाडी उलटी गुंडाळायचा, त्यामुळे त्याचा भोवरा इतरांच्या उलट फिरायचा. तो हरतच नव्हता. पोरं म्हणाली, ह्याचं काहीतरी खोटं आहे. भावानं दोन झाकणं हातात धरून समजावलं. दोन्ही भोवरे एकाच दिशेनं फिरत असले तर जिथं ते एकमेकांना टेकतात तिथं त्यांच्या कडा समोरासमोर धावत येतात, म्हणून फटका बसून दोघं दूर उडतात. एक उलटा फिरत असला तर टेकणाऱ्या कडा एकाच दिशेला जात असतात. फटका सौम्य बसतो. जो दमलाय त्याला दुसऱ्याकडून थोडा वेगही मिळतो. त्या मुलानं पुढे सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून कड्यावर चढवली. रबरानं पकड वाढली आणि दुसऱ्याचा वेग खेचणं आणखी सोपं झालं. सगळ्यांनी नाडी उलटी गुंडाळायला सुरुवात केली तेव्हा त्याचा फायदा संपला. मग तो उजवीकडून गुंडाळायला लागला. हे पाहून मला फार बरं वाटलं. शाळेत त्या मुलाचं डाव्या हातानं लिहिणं अजून कुणाकुणाला खुपतं.

हे बेब्लेड मुळात जपानचं. ताकारा या खेळणी कंपनीनं ते 1999 मध्ये बाजारात आणलं. त्याच्या आधी तिथली मुलं बेगोमा खेळायची. बेगोमा म्हणजे बिडाचा छोटा बुटका भोवरा. बादलीच्या किंवा पिंपाच्या तोंडावर जाड कापड टाकून मध्ये खोलगट करायचं आणि त्यावर भोवरे सोडायचे. ज्याचा बाहेर उडाला तो हरला. आम्ही बादलीवर ताडपत्री बांधून हे करून पाहिलं. घमेल्यापेक्षा आवाज कितीतरी कमी. ज्यांच्या खाली कुणी झोपतं त्यांनी हेच करावं. बेगोमाची मुलं आपले भोवरे घासून आणखी बुटके करतात. बुटका भोवरा दुसऱ्याच्या पोटाखाली शिरतो आणि त्याला उचलून टाकतो. पोरांनी लगेच आपले दांडे कापून घेतले.

बेगोमा टोकियोजवळच्या कावागुची गावात ओतले जातात. ते गाव ओतकामासाठी प्रसिद्ध आहे. हे ऐकल्यापासून सोहमच्या डोक्यात एकच, आपल्या कोल्हापुरातही फाउंड्र्या आहेत, मग आपणही ओतू. भावाच्या ओळखीचे एक फाउंड्रीवाले तयार झालेत. त्यांच्या साच्याच्या कोपऱ्यात जागा उरली तर आमचे दोन-चार भोवरे बसवतील. त्यासाठी लाकडी पॅटर्न लागतो. बीड थंड होताना शंभराला साधारण एक आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. वाळूतून नीट निघावा म्हणून त्याच्या कडेला थोडा उतार हवा. आणि कड फार पातळ ठेवायची नाही. पातळ जागी बीड पटकन गारठतं, आतून पांढरं आणि काचेसारखं कडक होतं. मग त्याला कानस लागत नाही आणि पहिल्याच धडकेत ते फुटतं. फुटका तुकडा उडणार असेल तर मला तो भोवरा घरात नको, हे मी दोघांनाही सांगितलंय. भाऊ म्हणाला, पहिला ओतीव भोवरा वर्कशॉपमध्येच, जाळीच्या आड फिरवू. सोहमचा पॅटर्न सागाचा आहे. सध्या तो पॉलिशपेपर घेऊन त्याच्या कडेचा उतार काढतोय.